टाकीखालचा मान

विश्वजितच्या हातून बाहेर पडलेल्या रिपोर्टात एकही रकाना रिकामा नसायचा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या अमरसिंह इंगवले यांच्या ऑफिसात हा त्याचा लौकिक होता, आणि लौकिक म्हटला की तो मिरवावा लागतो, तसा विश्वजित मिरवायचाही. ऑफिस एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. खाली ज्वारी दळली जायची आणि वर पाण्याच्या टाक्या, गोदामं, मंगल कार्यालयं यांचे आराखडे निघायचे. दोन्हीकडं पीठच उडायचं, पण खालच्या पिठाला निदान भाकरी यायची.

तर ह्या ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं. इमारतीची मापं, सळी, वारा, वजन, खालची माती, सगळी माहिती त्यात भरायची आणि बटण दाबलं की ते चांगला जाडजूड रिपोर्ट काढून द्यायचं. इथवर झकास. पण त्याला एक वाईट खोड होती. काही भरायचं राहिलं असलं की तो रकाना ते लालभडक करायचं, आणि वर रिपोर्टाच्या पहिल्याच पानावर छापायचं, 'माहिती अपूर्ण'. चारचौघांत असं बोलतात का? पण यंत्राला कुठली आलीय जनाची न् मनाची!

अमरसिंह साहेबांना ह्या लाल रंगाचा भयंकर राग. "गिऱ्हाईकाच्या हातात असला डागाळलेला कागद द्यायचा? आमच्या ऑफिसची काय इज्जत हाय का न्हाई? हिरवं करा सगळं." एवढं बोलून ते मिसळ खायला गेले. हिरवं कसं करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. साहेब लोकांनी सगळंच सांगायचं म्हटलं तर हाताखालच्यांच्या बुद्धीला वाव कुठला राहणार?

विश्वजितनं वाव घेतला. रकाना लाल का होतो? रिकामा असतो म्हणून. मग काहीतरी भरा की त्यात! आकडा कुठनं आला, त्याचे आईबाप कोण, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. विश्वजितच्या आईनं त्याला लहानपणापासून शिकवलं होतं की शेजारणीकडनं वाटीभर आमटी आली तर वाटी रिकामी परत करायची नसते. घरात काही नसलं तर चार दाणे साखर टाकायची, पण रिकामी द्यायची नाही, अवलक्षण असतं. पोरगं आज्ञाधारक. आईची शिकवण त्यानं थेट इंजिनिअरिंगला लावली. एखाद्या कामाची वाऱ्याची माहिती नसली की मागच्या कामातली उचलायची. मातीची नसली की जवळपासच्या कुठल्यातरी कामातली टाकायची. रिपोर्ट हिरवागार. साहेब खूश, गिऱ्हाईक खूश, आणि शेजारीण तर काय, तिची वाटी भरूनच गेलेली.

ह्या हिरव्या रानात नसरीन मुजावर येऊन पडली. एका मोठ्या गिऱ्हाईकानं अट घातली होती की प्रत्येक रिपोर्ट बाहेर जायच्या आधी तो वेगळ्या माणसानं तपासला पाहिजे, काही राहिलंय का, काही अर्धवट आहे का बघितलं पाहिजे. म्हणून साहेबांनी तिला घेतली. आता तपासायला माणूस ठेवला म्हणजे त्यानं तपासायलाच पाहिजे असं थोडंच असतं? पण हे नसरीनला कुणी सांगितलंच नाही. ती आपली खरंच तपासायला बसली.

त्यातच दाभिळमाळच्या टाकीचं काम आलं. नेसरीच्या पुढं, कर्नाटकच्या सीमेच्या अंगाला असलेलं हे गाव म्हणजे विश्वजितची सासुरवाडी. सासरे हंबीरराव गावातले वजनदार गृहस्थ. त्यांना दोन जावई. थोरल्याचा जेसीबी होता, आणि जेसीबी म्हणजे कसं, दारात उभा केला की सगळ्या गावाला दिसतो. धाकटा विश्वजित काय करतो, तर कॉम्प्युटरवर बसतो. सणावाराला सासुरवाडीत गेलं की थोरल्याला विचारायचे, "पावणं, मशीन कुठं चालू हाय सध्या?" आणि विश्वजितला विचारायचे, "पावणं, चहा घेतला न्हवं?" सात वर्षं हा चहा विश्वजितच्या घशाखाली उतरत नव्हता. आता गावात उंच टाकी उभी राहणार, ती त्याच्या डोक्यातनं निघणार, आणि जेसीबी नुसता तिचे खड्डे काढणार. ह्या नुसत्या विचारानं त्याला झोपेत हसू यायचं, असं स्वप्नाली, म्हणजे त्याची बायको, सांगायची.

हंबीररावांचा रोज फोन. "पावणं, यात्रेच्या आदी नारळ फोडायचाय. कागद कवा देताय?"

"झालंच मामा. शेवटचा हात फिरवालोय."

हात फिरवताना एक रकाना लाल निघाला. टाकीखालची माती किती भार पेलते, त्याचा. तिथली माती तपासलीच नव्हती. तपासायची म्हणजे माणूस पाठवा, जमिनीत खोल भोक पाडा, नमुने काढा, प्रयोगशाळेत न्या, वाट बघा. तोवर यात्रा होऊन पाळणेसुद्धा परत गेले असते. विश्वजितनं बिद्रीकडच्या एका गोदामाच्या कामातला आकडा उचलला आणि रकान्यात ठेवून दिला. लाल गेलं, हिरवं आलं.

नसरीन खुर्ची ओढून शेजारी येऊन बसली.

"दादा, मातीचा आकडा कुठला ह्यो?"

"तिथलाच."

"तिथला कसा? मघाशी हितं लाल होतं. मी चहा आणायला गेलो, आलो तवर माती तपासून झाली व्हय?"

"बिद्रीचा हाय. जिल्हा एकच की गं."

"बिद्रीच्या त्या कामात खाली मुरूम होता. टाकीची जागा नकाशात ओढ्याकाठाला दाखवलीया. काळी माती निघाली म्हंजे? पावसात फुगती, उन्हाळ्यात फाटती, तुमाला म्या काय सांगायचं?"

"मग नगं सांगू."

"लाल राहू द्या दादा. लाल म्हंजे आपली चूक न्हाई. लाल म्हंजे आपल्याला अजून म्हाईत न्हाई, एवढंच."

"आपल्याला म्हाईत न्हाई, असं वाचायला लोक कोल्हापूरपतोर येत्यात व्हय?" विश्वजित हसला. आपण लई भारी बोललो असं त्याला वाटलं आणि त्यानं मागच्या टेबलाकडं वळून बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून.

नसरीन हसली नाही. तिनं त्या रकान्यावर शेरा टाकला, 'माती तपासलेली नाही, हा आकडा दुसऱ्या गावचा आहे.' सॉफ्टवेअर इमानी, त्यानं पुन्हा लाल दाखवलं. पण शेरा निकालात काढायची सोयही त्यात होती. फक्त निकालात का काढला त्याचं कारण लिहावं लागायचं. विश्वजितनं कारण लिहिलं, 'ठीक'. बघा, तोही रकाना त्यानं रिकामा सोडला नाही. नसरीन साहेबांकडं गेली. साहेबांनी पहिलं पान बघितलं, हिरवं दिसलं, आणि तिला प्रेमानं समजावलं की पोरी, शंका घेणं सोपं असतं, काम करणं अवघड असतं.

यात्रेआधी नारळ फुटला, आणि वर्षाच्या आत टाकी उभी राहिली. गावात कुणाचंही घर तिच्या गुडघ्याला लागेना. पांढरीशुभ्र, वर निळा पट्टा. थोरला साडू म्हणे तिच्या सावलीत जेसीबी लावायचा, आणि हे ऐकून विश्वजितचा चहा पहिल्यांदा घशाखाली उतरला.

मग शेवटचा रिपोर्ट आला, काम पुरं झाल्याचा. त्यातही एक रकाना लाल. टाकी पूर्ण भरून चाचणी घेतली का आणि तिचा निकाल काय. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, पंपाला लाईटच अजून आली न्हाई. पाणी काय तोंडानं भरू?" बरोबरच होतं त्याचं. तिकडं हंबीररावांनी तारीख धरलेली, पत्रिका छापलेल्या, मांडववाला सांगितलेला. नसरीन त्या दिवशी रजेवर होती, भावाच्या साखरपुड्याला गेलेली. विश्वजितनं रकान्यात लिहिलं, 'समाधानकारक'. समाधान झालं होतंच की, फक्त ते टाकीचं नव्हतं.

उद्घाटनाच्या दिवशी स्वप्नाली आणि चार वर्षांच्या आदर्शला घेऊन विश्वजित दाभिळमाळला पोचला, आणि वेशीतच त्याचा फलक. हात बांधून उभा असलेला विश्वजित, मागं टाकी, खाली ठसठशीत अक्षरं: 'गावाची तहान भागवणारे आमचे लाडके जावई'. हलगी कडाडली. सासूबाईंनी, धोंडुबाईंनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला. हंबीररावांनी स्वतःच्या हातानं फेटा बांधला. साडू बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि त्या टाळ्यांचा आवाज विश्वजितला वेगळा ऐकू येत होता. अहाहा! माणसाला आयुष्यात आणखी काय पाहिजे?

"चला पावणं, मानाच्या जागंवर," हंबीरराव म्हणाले.

मानाची जागा टाकीच्या बरोबर खाली होती.

उन्हाळ्याचे दिवस, गावाबाहेरचं मोकळं रान, सावली काय ती एकाच वस्तूची. शहाण्या माणसांनी मांडव टाकीच्या खांबांच्या मधेच घातला होता. पुढं मंगल कार्यालयातनं आणलेला लाल सोफा, मागं बायाबापड्या, कडेला शाळेची सगळी पोरं मांडी घालून बसवलेली. सोफ्यासमोर मेजावर पंपाचं बटण, त्याला झेंडूची माळ. जावयानं बटण दाबायचं, पाणी वर चढायचं, टाकी काठोकाठ भरायची, आणि तोवर तिथंच भाषणं आणि जेवणं.

विश्वजितनं मान वर केली. सिमेंटचं ते भलंमोठं पोट त्याच्या फेट्याच्या बरोबर वर होतं. कागदावर त्यानं ते शंभरदा बघितलं होतं, पण कागदावर त्याच्या खाली कुणी बसलेलं नव्हतं.

"मामा," तो म्हणाला, "मांडव जरा तिकडं घेतला असता तर? हवा खेळती राहिली असती."

"तिकडं ऊन हाय. तुमाला उन्हात बसवू व्हय? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या."

तो बसला. स्वप्नाली शेजारी बसली, आदर्श तिच्या मांडीवर. धोंडुबाईंनी त्याच्या हातात पानसुपारी ठेवली. हात घामेजला होता, त्यातनं सुपारी निसटली, जमिनीवर पडली, घरंगळली आणि दिसेनाशी झाली. विश्वजित वाकला. सोफ्याच्या पायाशी जमीन फाटली होती. काळीभोर माती, आणि तिला हाताचा पंजा जाईल एवढी भेग. ती भेग बघत बघत त्याची नजर पुढं गेली, तर ती सरळ उजवीकडच्या खांबाच्या बुडाशी जाऊन पोचलेली.

"काय शोधालाय?" स्वप्नालीनं विचारलं.

"काय न्हाई. सुपारी."

"दुसरी घ्या की. सुपारीसाठी एवढं तोंड कशाला पाडलंय?"

लघुशंकेचं निमित्त करून तो मांडवाबाहेर गेला आणि त्यानं नसरीनला फोन लावला.

"नसरीन, दाभिळमाळला खाली काळी माती हाय. भेगा पडल्यात."

"चाचणीला टाकी भरली तवा काय झालतं?"

"चाचणी झालीच न्हाई."

"रिपोर्टात हाय की. समाधानकारक."

"अगं ते मी लिवलंय! आता टाकी भरणार हायत, आनि सगळं गाव खाली बसलंय. पडंल का गं? टिकंल का?"

"म्हाईत न्हाई दादा."

"असं काय करतीस? तू हुशार हाईस. अंदाजानं काहीतरी सांग की!"

"काहीतरी कसं सांगू?" नसरीनचा आवाज चढला. "टिकंल बी, पडंल बी. मला म्हाईत न्हाई, तुमाला म्हाईत न्हाई, कुणालाच म्हाईत न्हाई, हेच खरं हाय. जावा आनि तेच सांगा तिथं. आदी माणसं बाहेर काढा."

फोन ठेवून तो परत आला, आणि आता तो सांगणार म्हणून आपण श्वास रोखावा, तर त्यानं काय करावं? त्यानं आधी मुहूर्त काढला. म्हणाला, मामा, आत्ता राहुकाळ आहे. हंबीरराव म्हणाले, भटजींना विचारूनच वेळ धरलीया. मग म्हणाला, लाईट कमी दाबाची वाटते, पंप जळायचा. वायरमन मागनं ओरडला, फुल्ल हाय, फुल्ल! मग म्हणाला, पोटात दुखतंय. धोंडुबाई ओव्याचा डबा आणायला पळाल्या. सगळी विद्या संपली, सगळी साखर संपली, आणि लोक आता कुजबुजायला लागले की जावयाला आणखी काहीतरी मान पाहिजे असणार, अंगठी-बिंगठी.

"आवं पावणं लाजत्यात," साडू पुढं झाला. "सरा, मी दाबतो." आणि झेंडूची माळ बाजूला सारून त्यानं बटण दाबलंसुद्धा.

पंप घरघरला. हलगी सुरू झाली. खांबाला लागून वर गेलेल्या पाईपातनं पाणी चढायचा आवाज यायला लागला, आणि शाळेची पोरं तो ऐकायला पाईपाला कान लावून उभी राहिली. आदर्शही आईच्या मांडीवरनं उतरून त्यांच्यात घुसला.

"बंद करा!" विश्वजित किंचाळला. "बंद करा ते! उठा सगळी! भाईर व्हा टाकीखालनं!"

हलगी थांबली. वायरमननं घाबरून बटण दाबलं, पंप बंद झाला. कुणाला काही कळेना, पण ओरडण्यातली भीती कळायला शाळा शिकावी लागत नाही. बायांनी पोरं उचलली, म्हातारी माणसं एकमेकांना धरून उठली, आणि सगळं गाव उन्हात जाऊन उभं राहिलं. मांडवात लाल सोफा तेवढा राहिला.

मग विश्वजित बोलला. फेटा काढून हातात धरला आणि बोलला. म्हणाला, ह्या जागेची माती तपासलेली नाही. मी बिद्रीकडचा आकडा इथं लावला. चाचणी झाली असं लिहिलं ते खोटं. टाकी कदाचित शंभर वर्षं उभी राहील, कदाचित नाही, मला माहीत नाही. माती तपासून होईस्तोवर तिच्यात पाणी भरू नका आणि तिच्या खाली कुणी थांबू नका. हे शेवटचं बोलताना त्याला रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एक पूर्ण रिपोर्ट दिला होता, आणि तो ऐकायला अमरसिंह साहेब नव्हते, ते किती बरं झालं.

हंबीरराव सावकाश पुढं आले. आवाज चढवला नाही, आणि कोल्हापूर जिल्ह्यात माणूस आवाज न चढवता बोलायला लागला की समजावं, काही खरं नाही.

"पावणं, स्वप्नालीला तुमचं स्थळ आलं तवा आमाला तुमची काय बी माहिती नव्हती. तवा मी तुमच्या गल्लीत आलतो. तालमीत जाऊन बसलतो. तुमच्या मामाच्या गावाला गेलतो, तुमच्या कॉलेजच्या शिपायासंगं चा पिलतो. तुमच्या शेजारच्या घरातला पोरगा चांगला हाय असं लोकं सांगत हुती. म्हनून 'हे बी तसंच असंल' असं धरून आमी पोरगी दिली न्हाई."

विश्वजित खाली बघत राहिला. साडूनंही खालीच बघितलं, एवढी माणुसकी त्याच्यात होती. धोंडुबाई ओव्याचा डबा घेऊन धापा टाकत आल्या, आणि काय झालंय ते कळेना म्हणून सगळ्यांच्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या.

स्वप्नाली आदर्शला कडेवर घेऊन त्याच्यासमोर आली. पोरगं घाबरून तिच्या पदरात तोंड खुपसून बसलं होतं.

"एक इचारतो," ती म्हणाली. "मगाशी मी ह्याला मांडीवर घेऊन तिथं खाली बसलो होतो. चाचणी झाली न्हाई, हे तवा बी म्हाईत होतं तुमाला?"

"व्हय," विश्वजित म्हणाला.

तिनं मान हलवली, पोराच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून पदर टाकला आणि ती बापाच्या घराकडं चालायला लागली. तिच्यामागं हळूहळू सगळं गाव निघालं, पण "चला पावणं" असं विश्वजितला कुणी म्हणालं नाही.